श्रीच्या जागी चार प्रश्नचिन्हं

मी एका जागी बसणारी बाई नाही. आई म्हणते, ही जन्मली तीच पायाला भिंगरी बांधून. खुर्चीत बसले की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो, आणि आमच्याकडे बसल्या जागी पाय हलवला की घरात दळिद्र येतं. लहानपणापासून मी हमरापुरात किती दळिद्र आणलं असेल ते देव जाणे. आणि अशा बाईच्या नशिबी काम काय यावं, तर स्क्रीनवरची एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकताना बघत बसायचं.

पेणजवळचं हमरापूर माझं माहेर. बाबाचा तिथे गणपतीचा कारखाना आहे. लग्न होऊन मी रोह्याजवळ वरश्याला आले. नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्टला जातो. मी रोहा स्टेशनजवळच्या एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायचे, आणि क्लास सुटला की तिथल्याच मशीनवर मोबाइलची ॲप्स बनवायला शिकायचे. शिकवणारं कोणी नव्हतं, व्हिडिओ बघून जमेल तसं. मग क्लास बंद पडला आणि मशीनं विकली गेली. मी घरी बसले, म्हणजे घरभर फिरायला लागले. मिळेल तिथे अर्ज पाठवत होते. कोणी साधं "नाही" म्हणायचेही कष्ट घेत नव्हतं.

तेवढ्यात नवऱ्याच्या कंपनीत पॅकिंगला कंत्राटी बायका घेणार असं कळलं. गणपतीनंतर भरती होती. सासूबाईंनी शब्दसुद्धा टाकून ठेवला. मला त्या कामाचा कमीपणा नव्हता. माझ्या शेजारणी जातात, डबा घेऊन बसच्या रांगेत उभ्या राहतात, हसत जातात. पण मला हे दुसरं काम यायचं. मला ते येतं हे मला आणि त्या विकलेल्या मशीनला सोडून कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यानेच माझा जीव खाली-वर व्हायचा. नवऱ्याला मी म्हटलं, "गणपतीपर्यंत कुठून बोलावणं आलं नाही, तर मुकाट्याने पॅकिंगला जाईन. परत तोंडातून ॲप हा शब्द काढणार नाही." तो म्हणाला, "मुकाट्याने? तू?" पण शब्द दिला होता.

आषाढातल्या एका गुरुवारी दुपारी एकुलतं एक बोलावणं आलं. घरून करायचं काम, पण आधी परीक्षा. सोमवारी अकराला व्हिडिओवर बसायचं, ते एक छोटं अर्धवट ॲप पाठवणार, ते मी माझ्या मशीनवर बांधून फोनवर चालवून दाखवायचं आणि ते सांगतील तो बदल त्यांच्यासमोर करायचा. खाली एक ओळ होती: मशीन आधीच तयार ठेवा, तयारीसाठी वेळ वाढवून मिळणार नाही.

आता ही तयारी म्हणजे काय, ते सांगते. ॲप बनवायला नुसता कंप्युटर पुरत नाही. आधी त्याच्या पोटात एक कारखाना थाटावा लागतो. कोड लिहायचा एक प्रोग्राम, त्याची हत्यारं, ते सगळं जुळवून ॲप बांधणारा आणखी एक प्रोग्राम, आणि बांधलेलं चालवून बघायला फोन. सगळं इंटरनेटवरून उतरवायचं, मणामणाचं. आणि एक जरी हत्यार जागेवर नसलं की बाकीचे सगळे हात बांधून उभे. क्लासमधल्या मशीनवर हे कोणीतरी आधीच करून ठेवलेलं होतं. मी आयत्या चुलीवर स्वयंपाक केला होता. चूल मांडायची पाळी पहिल्यांदाच आली.

मशीन म्हणजे माझा कॉलेजातला लॅपटॉप. तो हमरापुरातच राहिला होता, बाबा त्याच्यावर बिलं काढून घ्यायचा. वरश्याला आणावा तर दोन खोल्या, त्यातल्या एकीत रात्रपाळी करून आलेला नवरा झोपलेला. म्हणून मीच पिशवी भरली आणि शुक्रवारी सकाळी एसटीने पेणला आले.

कारखान्यात सीझन म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. मांडवभर गणपती, अर्धे पांढरे, अर्धे रंगलेले, वर प्लास्टिकचे कागद, हवेत प्लास्टरची पूड आणि स्प्रेचा वास. रंगकाम करणाऱ्या गावातल्याच चार-पाच बाया ओळीने बसलेल्या. बाबा कोपऱ्यात डोळे आखत होता. डोळे तो दुसऱ्या कोणाला आखू देत नाही.

"आलीस गो?" मान वर न करता तो म्हणाला.

"बाबा, लॅपटॉप कुठे ठेवलास?"

"बघ तिकडं, पाटांच्या मागं."

आमच्याकडे बापाला अरे-तुरे करतात. पुण्याकडच्या माणसांना ऐकून धक्का बसतो, बसू दे.

पाटांचं सांगायला हवं. व्यापाऱ्यांचे गणपती वेगळे, ते शेकड्याने टेम्पोत जातात. पण आसपासच्या गावांतली जुनी घरं स्वतःचा पाट घेऊन येतात. तोच लाकडी पाट, आजोबा-पणजोबांपासूनचा. आषाढात तो आणून कारखान्यात ठेवायचा आणि म्हणायचं, यंदा आमचा यावर करा. पावती नाही, काही नाही. बाबा पाट पुसतो, श्री लिहितो, त्या घराचं नाव लिहितो, आणि त्याच पाटावर मूर्ती उभी करतो. गिऱ्हाईक दारातून वळताना विचारतं, होईल ना? आणि बाबा म्हणतो, "करतो. घाई नको." माझ्या कानात हे शब्द रांगायच्या आधीपासून आहेत.

लॅपटॉप पाटांच्या मागे निघाला. झाकणावर सोनेरी ऑइलपेंटने श्री. बाबाचं ते आहेच. घरात नवीन काहीही आलं की आधी श्री. कंप्रेसरवर श्री, स्कूटरवर श्री, विजेच्या मीटरच्या पेटीवर श्री. लॅपटॉप घेतला त्या दिवशी पेणच्या दुकानात मशीनने पहिल्यांदा चालू होताना वापरणाऱ्याचं नाव विचारलं. दुकानदार माझं नाव टाकायला निघाला, तर बाबाने त्याचा हात धरला. "पयला श्री." दुकानदार बिचारा, त्याने मराठी कीबोर्ड चालू केला आणि नावाच्या जागी श्री टाकलं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. पुढे मी त्यावर कॉलेजचे प्रोजेक्ट टाइप केले, बाबाने बिलं काढली, कधी काही अडलं नाही.

शुक्रवारचा दिवस पेणच्या रामवाडीत गेला. माझ्या फोनचा रोजचा डेटा या कामात म्हणजे दर्या में खसखस. हायवेजवळ एक मोबाइलचं दुकान आहे, दुकानदार शाळेतल्या ओळखीचा. "ताई, बसा, वायफाय तुमचंच," म्हणाला. मी स्टुलावर बसले. बाहेर पाऊस, ट्रेलरमागून ट्रेलर, आणि माझ्यासमोर निळी रेघ. एवढी सरकायची आणि थांबायची. मी उठून दारात जायचे, परत यायचे, रेघ तिथेच. दुकानातल्या फोनच्या कव्हरांच्या किमती मला पाठ झाल्या. दुकानदार शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही बघितलं नाही तर लवकर होईल." मला त्याचा राग आला आणि त्याचं खरंही वाटलं. संध्याकाळी एकदाचं सगळं उतरलं.

शनिवारी ते उलगडायला घातलं. मशीन म्हातारं, त्यात बॅटरी मेलेली, चार्जर काढला की डोळे मिटतं. उलगडायला वेळ लागणार म्हणून मी आईबरोबर भात खायला गेले. परत येते तर लॅपटॉप दिसेना. गणपतींच्या ओळीत, गणपतींसारखाच, प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेला, वर सुतळीची गाठ.

"आई! हे कोणी केलं?"

"मी केला. धूल बसत व्हती गो बाय."

आमच्याकडे धूळ बसू नये असं काहीही दिसलं की बाया ते प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, हातांना सवयच आहे. आत ते मशीन उकडून बंद पडलं होतं. हात लावला तर चटका. पंख्यासमोर धरून त्याला निववलं आणि सगळं पहिल्यापासून.

दुपारी एकदाचं सगळं लागलं. मी सरावासाठी एक साधं ॲप घेतलं, एका पानाचं, आणि बांधायला सोडलं. रेघ सरकली, सरकली, आणि लाल. खाली इंग्रजीतल्या लाल ओळी, वाचता वाचता मान दुखावी इतक्या. मी एक ओळ उचलून शोधली, कोणी लिहिलं होतं हे बदला, ते बदललं. परत लाल. कोणी म्हणे हत्यारं सरळ सी ड्राइव्हवर न्या. नेली. परत लाल. कोणी म्हणे सगळं काढून परत टाका. माझा पाय असा हलत होता की टेबलावरची रंगाची वाटी नाचायला लागली. शेजारची रंगारीण म्हणाली, "गो, भूकंप थांबव, माझी सोंड वाकरी होईल."

रविवारी सकाळी उठले ती लाल ओळींसमोरच बसले. आणि तेव्हा दिसलं. एक ओळ होती, कुठली फाइल कुठे सापडत नाही ते सांगणारी. मशीनमध्ये प्रत्येक वस्तूचा पत्ता असतो. सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग वापरणाऱ्याचं नाव, मग पुढचं. माझ्या पत्त्यात वापरणाऱ्याच्या नावाच्या जागी चार प्रश्नचिन्हं होती.

श्री. बाबाचा श्री. या ॲप बांधणाऱ्या प्रोग्रामला इंग्रजी अक्षरं सोडून काही ओळखता येत नव्हतं. मी हत्यारं हलवली तरी तो आपलं सामान मुकाट श्रीच्या घरात नेऊन ठेवायचा, आणि मग तेच घर त्याला सापडायचं नाही. बिलांना त्याने काही फरक पडला नव्हता. याला पडत होता.

मी श्री खोडून इंग्रजी नाव टाकलं. स्क्रीनवर नाव बदललं, आत पत्ता होता तोच. नाव बदलतं, घर बदलत नाही, असं ते प्रकरण. चारही प्रश्नचिन्हं जागच्या जागी. उद्या अकराला परीक्षा, आणि मी अजून एक रिकामं पानसुद्धा बांधलेलं नाही. डोळ्यांपुढे कंपनीच्या बसची रांग आली. मी ताडकन उठले.

"बाबा, तुझ्या त्या श्रीने माझा सत्यानाश केला!"

कंप्रेसर चालू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. कोणीतरी तो बंद केला.

"काय म्हनलीस?" बाबाच्या हातात कुंचला होता.

"सगळ्याच्या आधी श्री, सगळ्याच्या आधी श्री! मशीनला नाय कळत तुझा श्री. त्याच्या जागी प्रश्नचिन्हं काढतंय ते! तीन दिवस मी इथे डोकं फोडतेय!"

"मशीनला कलत नाय तर मशीनची चूक. देवाची कशी गो?"

"देवाची नाय, तुझी! दुकानात माझं नाव टाकू दिलं असतंस तर? मशीन माझं होतं ना? करायला गेले गणपती आणि हा बघ झालाय मारुती!"

हे माझ्या तोंडून निघालं आणि रंगारणींचे कुंचले हवेतच थांबले. ती म्हण आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. गणपती बनवणाऱ्याच्या कारखान्यात उभं राहून ती म्हणायची म्हणजे त्याच्या हातांवर थुंकण्यासारखं. लहानपणी एका पाहुण्याने गमतीत म्हटली होती, तर बाबाने त्याला चहा न देता वाटेला लावला होता.

बाबाने कुंचला पाण्यात बुडवला. "ती म्हन हितं बोलायची नाय," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मी रागाने बोलले होते, पण खोटं काही बोलले नव्हते, म्हणून मीही माफी मागितली नाही. दोघंही एकाच कुंभाराच्या आव्यातले. आई आतून म्हणाली, "चांगला चाललाय तुमचा."

मग मी डोकं शांत ठेवून जे आधीच करायला हवं होतं ते केलं. श्री पुन्हा होता तसा लिहिला, त्याला तिथेच राहू दिलं. त्याच मशीनमध्ये दुसऱ्या वापरणाऱ्याचं नवीन घर बांधायचं, आणि सगळं सामान तिकडे न्यायचं. नवीन घराला नाव द्या, म्हणालं. इंग्रजीत द्या, मधे जागा सोडू नका. लग्न झाल्यापासून सगळीकडे माझं नाव लांबच लांब आहे, माझ्यामागे नवरा, नवऱ्यामागे आडनाव, आगगाडीसारखं. त्याआधी होतं तेही लांबच, फक्त डबे वेगळे. मी नुसतं माझं नाव टाकलं. छोट्या अक्षरांत, पुढेमागे कोणी नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण नवीन घर म्हणजे काही सामान परत उतरवणं आलं, आणि माझा डेटा संपलेला. रविवार, रामवाडीचं दुकान बंद. घरात डेटा शिल्लक फक्त बाबाच्या फोनमध्ये, कारण तो फोनवर व्यापाऱ्यांशी ओरडण्यापलीकडे काही करत नाही. शिवाय ॲप चालवून दाखवायलाही मला त्याचाच फोन लागणार होता. माझ्या फोनची पिन ढिली, केबल वाकडी धरली तरच चार्ज होतो. मी जाऊन त्याच्या पाठीमागे उभी राहिले.

"फोन पायजे. आज आणि उद्या."

सीझनमध्ये फोन मागणं म्हणजे त्याचा एक कानच मागणं. बोटं रंगाने भरलेली, म्हणून मनगटाने त्याने तो फळीवरून माझ्याकडे सरकवला आणि परत डोळे आखायला लागला.

फोनवर ॲप टाकू देण्यासाठी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एका नंबरावर सात वेळा टिचकी मारावी लागते. मारली की फोन म्हणतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. बाबाचा फोन, काचेवर सोनेरी रंगाचा ठिपका वाळलेला, तो म्हणाला, तुम्ही आता डेव्हलपर झालात. मला एवढ्या रागातही हसू फुटलं. रेघ सरकली. सरकत सरकत टोकाला गेली आणि हिरवी झाली. बाबाच्या फोनवर माझं एका पानाचं ॲप उघडलं. मी ओरडले, आणि रंगारणी ओरडल्या, कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. बाबा वळला नाही.

सोमवारी सकाळी दहाला वीज गेली.

असा पाऊस होता की समोरच्या मांडवातलं दिसेना. वीज येण्याचं चिन्ह नाही, लॅपटॉपची बॅटरी मेलेली. कारखान्यात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे चालतात. पावसाळ्यात रंग सुकवायचे पंखे. त्या दिवशी दादरला जायचे गणपती पंख्यांखाली ओले उभे होते, आणि ओला रंग दमट हवेत राहिला की डाग धरतो. पंखे आणि लॅपटॉप दोन्ही तासभर ओढायची त्या इन्व्हर्टरमध्ये ताकद नव्हती. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलंच नाही. भिंतीपाशी येरझारा घालत राहिले. साडेदहा झाले.

पंख्यांचा आवाज बंद झाला. एकेक करून, ओळीने. बाबा बटणं बंद करत माझ्यापर्यंत आला आणि त्याने इन्व्हर्टरचा बोर्ड माझ्या टेबलाजवळ ओढून ठेवला.

"बाबा, दादरचा माल..."

"लाव."

मी लावलं. मशीन उठलं आणि नाव निवडा म्हणालं. स्क्रीनवर दोन नावं होती. वर श्री, त्याच्याखाली इंग्रजी बारक्या अक्षरांत मी. बाबा वाकला. इंग्रजी त्याला वाचता येत नाही, पण कुठलंही अक्षर तो चित्रासारखं बघतो, कुठे जाड, कुठे बारीक, कुठे वळण. त्याने बराच वेळ बघितलं. श्री अजून तिथेच आहे हेही त्याने बघितलं असेल. मग तो दाराकडे जाऊन उभा राहिला.

अकराला पडद्यावर दोन माणसं आली. एक टक्कल पडलेला गृहस्थ आणि माझ्याच वयाची एक मुलगी. मागे सोंडा दिसत होत्या, मुलगी म्हणाली, "वा, छान बॅकग्राउंड आहे." तिला वाटलं चित्र आहे. त्यांनी ॲप पाठवलं, मी बांधायला सोडलं. माझा पाय टेबलाखाली सुसाट. रंगारणींनी कुंचले खाली ठेवले होते, एकजण दुसरीला म्हणाली, "श्वास घे गो, मरशील." रेघ हिरवी झाली, ॲप बाबाच्या फोनवर उघडलं. त्यांनी बदल सांगितला. माझी बोटं क्लासमध्ये चालायची तशी चालायला लागली, आणि तेव्हा, फक्त तेव्हा, पाय थांबला.

शेवटचं दाखवायच्या वेळी बाबाचा फोन वाजला. मी तो कॅमेऱ्यासमोर धरला होता, त्यावर सगळ्यांना दिसेल असं भलंमोठं: दादरवाले शेठ. ज्यांचा माल ओला उभा होता तेच. मी दाराकडे बघितलं. बाबाने हाताने खूण केली, काप. मी कॉल कापला. लगेच परत वाजला, परत खूण, परत कापला. टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "घ्या हवं तर." मी म्हटलं, "नको. घरचेच आहेत." आणि बदल चालवून दाखवला.

"कळवतो," म्हणाले आणि पडदा काळा झाला. बाबाने पंख्यांची बटणं लावली, फोन घेतला आणि शेठना ओरडून सांगायला लागला की माल एक दिवस उशिरा येईल, काय करायचं ते करा. माझ्याशी त्याचं बोलणं नव्हतंच. मी पिशवी भरून वरश्याला परत आले.

मग वाट बघणं. त्याचं काय सांगू, भांडी घासता घासता मी ओल्या हाताने फोन बघायचे. शेवटी सासूबाईंनीच फोन पिठाच्या डब्यात ठेवला. श्रावण गेला, पॅकिंगच्या फॉर्मवर मी सही केली. गणपती बसायच्या आदल्या दिवशी, मोदकांचं सारण परतताना, मेल आला. घेतलं होतं. मी उलथनं हातात घेऊन अंगणात धावले आणि तिथे कोणीच नव्हतं म्हणून परत आत धावले. सारण लागलं. सासूबाई म्हणाल्या, "लागू दे मेलं," आणि फॉर्म मागे घ्यायला स्वतः गेल्या. हमरापूरला मी आईला फोन केला. मागून बाबाचा आवाज आला, "काय म्हनते?" आईने सांगितलं. तो "बरा" म्हणाला, तेवढंच.

विसर्जन होऊन कारखाना रिकामा झाल्यावर कंपनीचा लॅपटॉप कुरियरने आला. नवा कोरा, सोबत कागद: मशीन कंपनीच्या मालकीचं आहे, त्यावर काही चिकटवू, लिहू, रंगवू नये. दुसऱ्याच दिवशी दारात बाबा. एकटा, सदऱ्याच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कुंचला, हातात मोठी कापडी पिशवी. मी काय समजायचं ते समजले. मशीन मी पोटाशी धरलं.

"बाबा, हे कंपनीचं हाय. यावर काय लिहायचं नाय. आधीच सांगते."

"मी इचारला का काय तुला?"

तो खाली बसला. पिशवीतून त्याने एक पाट काढला. नवा, सागाचा, घासून गुळगुळीत केलेला, लॅपटॉप मावेल एवढा. वरच्या कडेला सोनेरी रंगात माझं नाव होतं. इंग्रजीत, बारक्या अक्षरांत, पुढेमागे कोणी नाही, मशीनवर बघितलं होतं तसंच्या तसं. एक अक्षर जरासं कललेलं होतं, नंतर मी स्क्रीनवर ताडून बघितलं तर तिथेही ते कललेलंच आहे.

"खाली ठेव मशीन. यावर," तो म्हणाला. "श्री खालच्या अंगाला लिव्हलाय. तुझ्या वाटंत येनार नाय."

मी पाट उलटा करून बघितला. होता.

बाबाने घसा खाकरला. दाराकडे बघत, कारखान्याच्या दारात गिऱ्हाईक उभं राहतं तसा, जरा संकोचून, तो म्हणाला, "आमच्या कारखान्याचा पन एक कायतरी करशील ना गो यावर?"

"करते," मी म्हटलं. "घाई नको."

आणि चहा ठेवायच्या नावाखाली आत गेले, आणि गॅस न पेटवता ओट्याला धरून पोटभर रडले.